मिसोला उकळी आणायची नसते: डब्लिन ते बॅलिव्हॉन आणि परत

सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात मी गरम तेलात कांदा टाकला आणि सायली तोंड दाबून स्वयंपाकघरातून पळाली.

२०२१ चा फेब्रुवारी. सायली डॉक्टर, नाशिकची, इथल्या हॉस्पिटलात नोकरीला. नाताळानंतरच्या लाटेत वॉर्डातच तिला कोविड झाला. वास गेला, चव गेली, आणि काही आठवड्यांनी वास परत आला तो भलताच होऊन. मागच्या अंगणात थंडीत उभी राहून ती म्हणाली, "मल्हार, आत काहीतरी सडलंय."

"कांदा आहे गं."

"मला कळतंय कांदा आहे. म्हणूनच रडू येतंय."

कांदा, लसूण, कॉफी, टूथपेस्ट, भाजलेलं, तळलेलं, सगळ्याला गटाराचा वास. तिनेच मला समजावलं, की नाकातल्या तारा पुन्हा जोडल्या जाताना चुकीच्या जागी जोडल्या जातात, कधी महिन्यांनी सुधारतं, कधी नाही. मराठी स्वयंपाकातून फोडणी काढा आणि मग मला सांगा मागे काय उरतं ते. घरात फोडणी बंद झाली. आणि हळूहळू बाकीचंही बंद व्हायला लागलं. मार्चमध्ये ती डून लेरीला एका घराच्या तळमजल्यावर राहायला गेली. समुद्राच्या हवेला कसलाच वास येत नाही म्हणाली. तिथून हॉस्पिटल म्हणजे डार्ट, इथली लोकल, आणि वर बस, रोजची फरफट, तरी गेली. एप्रिलमध्ये म्हणाली, आपण आता थांबू या.

मी थांबलो नाही. बिनफोडणीची खिचडी, मऊ भात, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, असे डबे घेऊन मी डार्टने जात राहिलो. ती "कशाला आणलंस" म्हणायची, मी "खा गपचूप" म्हणायचो. ती चार घास खायची. एकदा तिने डबा घेतलाच नाही तेव्हा मी दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीने तिला मेसेज केला.

माझ्याबद्दल एवढंच, की मास्टर्स मी अर्ध्यात सोडलं. ऑनलाइन क्लासमध्ये एका प्राध्यापकाशी वाजलं, लॅपटॉप मिटला तो मिटलाच. कोविडमुळे सगळ्यांच्याच राहण्याच्या परवानग्या आपोआप पुढे ढकलल्या जात होत्या म्हणून या देशात होतो, एका सुपरमार्केटच्या गोदामात खोकी उचलत होतो. बाकी वेळ सायलीचा विचार.

मग मे महिन्यात तिचा फोन. स्वतःहून. "अरे, आज गंमत झाली. युको माहितीये ना, आमची फिजिओ? तिने फ्लास्कमधून मिसो सूप आणलं होतं. मी पूर्ण कप प्यायले."

"चव लागली?"

"लागली असं नाही. पण घाण नाही लागलं. आणि जिभेवर काहीतरी होतं. खारट, आणि त्याच्या मागे अजून काहीतरी."

फोन ठेवल्यावर मी दोन दिवस मिसोबद्दल मिळेल ते वाचलं. सोयाबीन, मीठ आणि बुरशी चढवलेला तांदूळ एकत्र करून महिनोन् महिने आंबवलेला गोळा. तो ज्या पाण्यात कालवायचा ते पाणी समुद्री शेवाळाचं. ना तेल, ना कांदा, ना लसूण. अख्खा स्वयंपाक बिनफोडणीचा, आणि माणसं म्हातारी होईतो ठणठणीत. मला वाटलं हे आपल्याला आधी का नाही सुचलं. आशियाई दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतलं मिसो आणलं आणि आमटी करतात तसं केलं. चांगली खळखळून उकळी आणली, आच मंद करून अजून थोडा वेळ ठेवलं. सायलीने वास घेतला आणि कप लांब सरकवला.

युकोला विचारलं. ती म्हणाली, पिशवीतलं नको आणि माझ्याकडूनही शिकू नकोस, माझी मावशी हारुको पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत बॅलिव्हॉनजवळ राहते, ती घरी करते, तिच्याकडे जा.

जुलैत इथल्या ज्युनियर डॉक्टरांच्या नेमणुका बदलतात. सायलीने पुढची नेमणूक घ्यायची की नाशिकला परत जायचं, हे जूनमध्येच ठरणार होतं. माझा हिशोब सरळ होता. हिला जेवता आलं तर ही राहील, आणि राहिली तर माझ्याजवळ राहील.

पहिला दिवस: डब्लिन, गॉलवे, बॅलिव्हॉन

जून २०२१. काउंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर, जायला नुकतीच परवानगी मिळाली होती. जाणाऱ्यांसाठी: ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेची गाडी पकडा, अडीच तास लागतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीवर महाग पडतं. मी गेलो तेव्हा निम्म्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या. मास्क लावून बाहेर बघत बसायचं. बाहेर हिरवं, हिरवं आणि गाई. अ‍ॅथलोनला गाडी शॅनन नदी ओलांडते तेवढंच काय ते.

पलीकडच्या रांगेत एक मराठी कुटुंब. नवरा गॉलवेच्या कुठल्याशा मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये असावा, कारण सगळा वेळ फोनवर कॅथेटरबद्दल बोलत होता.

"ईशान, मास्क नाकावर घे," आई म्हणाली.

"इट्स ग्रँड, मॅम," ईशान म्हणाला, इथली पोरं आईला 'ठीक आहे गं' म्हणतात त्या सुरात.

"ग्रँड काय, वर घे."

मी हसलो, आणि तिने ओळखलं. "तुम्ही मराठी? पुण्याचे?" पुढच्या मिनिटाला फॉइलमधले धपाटे माझ्यासमोर. मी हाताने नको नको केलं. "अहो घ्या हो, प्रवासात पोट रिकामं ठेवू नये." मी कागदावर आडवा हात धरला. तिने हाताच्या बाजूने दोन धपाटे सरकवले आणि वर लोणच्याची फोड. "आमचे हे पण असंच करतात. मनात असतं, पण नको म्हणतात." मी दोन्ही खाल्ले. लसूण भरपूर होता. कित्येक महिन्यांनी मी लसूण मोकळेपणाने खात होतो, आणि चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

गॉलवेला पाऊस. हॉटेलांना फक्त बाहेर बसवून वाढायची परवानगी होती, म्हणजे लोक छत्रीखाली बसून भिजलेले चिप्स खात होते. मी टेकअवे घेऊन बसस्टँडच्या आडोशाला उभा राहिलो. बॅलिव्हॉनची बस दिवसातून मोजक्याच वेळा असते, वेळापत्रक बघून जा, चुकली तर टॅक्सीला जीव जाईल. बस किनव्हाराच्या धक्क्यावरून जाते आणि मग एका वळणानंतर डोंगर नागडे होतात. हाच तो बरन, चुनखडीचा उघडा मुलूख. कोकणातला सडा आठवा, पण काळ्या कातळाऐवजी राखाडी, आणि डोंगरच्या डोंगर तसाच. फोटोत सुंदर दिसतो. त्या दिवशी मला तो चूल विझल्यानंतरच्या राखेसारखा दिसला.

राहायला साधं बीअँडबी, नाश्त्यासकट सत्तर युरो. सायलीला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

दुसरा दिवस: हारुकोबाईंकडे

सकाळी त्यांचा नवरा डोनल घ्यायला आला. सत्तरीचा, तांबडा, चिखलाने माखलेली गाडी. घरी पोचल्यावर त्याने दारातूनच आत हाक मारली, "युअर मॅन आलाय." इथे कुठल्याही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात, त्यात आपुलकी वगैरे काही नसते.

हारुकोबाई बुटक्या, केस मुलासारखे कापलेले. नमस्कार-चमत्कार नाही. "जेवलास?" हा पहिला प्रश्न. बीअँडबीचा सॉसेज-अंड्याचा नाश्ता झाला होता, तरी मी नाही म्हणालो. त्यांनी टेबलावर पाच लहान वाट्या मांडल्या. एकीत भात, आपण मुलाला भरवतो तेवढा. एकीत सलगमचं लोणचं, चार चकत्या. एकीत उकडलेली पालेभाजी. मॅकरेल माशाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा. आणि मिसो सूप, ज्यात सूप कमी आणि भाज्याच जास्त: गाजर, बटाटा, कोबी.

"मिसोत मीठ फार," त्या म्हणाल्या. "लोक आरोग्य आरोग्य म्हणून वाट्याच्या वाट्या पितात. याचा बीपी बघ. म्हणून भाज्या भरायच्या, पाणी थोडं."

"माझा बीपी हिच्यामुळे आहे," डोनल म्हणाला.

खाल्लं. पहिल्या घोटाला मला काही कळलं नाही. दुसऱ्याला घशात मागे कुठेतरी एक गोलसर, जुनी, खोल चव राहिली. सायलीचं "अजून काहीतरी" ते हेच. वाट्या संपल्या, आणि कुणी काही विचारलं नाही. मी रिकामी वाटी जरा पुढे सरकवून बघितली. हारुकोबाईंनी ती उचलून सिंकमध्ये ठेवली. खरं सांगतो, मला राग आला. इतक्या लांबून पाहुणा आलाय, निदान भात घे म्हणावं.

तासाभराने लक्षात आलं की भूक नाहीये. जडही वाटत नाहीये. पोटात थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची ही त्यांच्याकडची रीत, डोनलने नंतर सांगितलं. "तिने मला पहिली दहा वर्षं उपाशी मारलं. आता बाहेर जेवलो की झोप येत नाही."

ओहोटीला डोनलबरोबर किनाऱ्यावर गेलो. बुळबुळीत खडक, गार वारा, मी दोनदा आपटलो. तो कात्रीने केल्प नावाचं समुद्री शेवाळ कापत होता, लांब तपकिरी पट्टे, चामड्याच्या पट्ट्यासारखे. मुळापासून उपटायचं नाही, वरचं पान कापायचं, म्हणजे पुन्हा वाढतं. हेच वाळवून कोंबू या जपानी शेवाळासारखं वापरायचं. मी म्हणालो हे आपल्याकडे रत्नागिरीला मिळेल का, तो म्हणाला रत्नागिरी कुठे आहे ते आधी सांग.

दुपारी हारुकोबाई मागच्या खोपटात घेऊन गेल्या. लाकडी पिंप, वर फळी, फळीवर किनाऱ्यावरचा धोंडा. आपल्याकडे लोणच्यावर दडपण ठेवतात तसंच. फडकं बाजूला केलं आणि वास आला: आंबलेल्या डाळीचा, गुळाच्या ढेपेचा, थोडा मातीचा. हा तिला चालेल, मला खात्री वाटली.

मग शिकवलं. लक्षपूर्वक वाचा, कारण मी चुकलो होतो. केल्पचा तुकडा गार पाण्यात तासभर भिजवायचा. मंद आचेवर तापवायचं, कडेला बुडबुडे धरले की केल्प बाहेर. त्या पाण्यात भाज्या शिजवायच्या. मग गॅस बंद. पूर्ण बंद. मिसोचा गोळा पळीत घेऊन थोड्या पाण्यात मोडायचा आणि मग सोडायचा. त्यानंतर उकळी नाही.

माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला. त्यांनी मनगटावर चापट मारली.

"एक उकळी," मी म्हणालो. "नाहीतर कच्चं राहतं."

"वास निघून जातो. उरतं ते मीठ."

"वासच तर तिला नको आहे."

"हा वास नको असं तिने सांगितलं?"

मी गॅसपासून मागे सरलो. मग एकदम विचारलं, "याने तिचं नाक बरं होईल?"

"नाही. हे सूप आहे."

हे असं तोंडावर बोलणं मला जाम लागलं. मी फणकारून म्हणालो, मग उपयोग काय. हारुकोबाई प्रेसमधून, म्हणजे आपलं कपाट, डबा काढत होत्या. पाठ माझ्याकडेच ठेवून त्या बोलल्या.

"माझी आई गेल्या हिवाळ्यात वारली. जपानला जाता आलं नाही, सगळं बंद होतं. बहिणीला फोनवर विचारलं, शेवटी काय खाल्लं? म्हणाली, दोन चमचे मिसो सूप. मग आईने वाटीवर हात ठेवला."

"मग?"

"मग काय? बहिणीने वाटी उचलली. मला बरं वाटलं, कुणी तिला छळलं नाही."

मी म्हणालो, आमच्याकडे तिसरा चमचा घातला असता. चौथाही. आमच्याकडे ताटावर हात धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून तूप सोडतो, त्याला आग्रह म्हणतात, त्यात प्रेम असतं. जेवणारा नको म्हणतो तेव्हा त्याला हवं असतं. मी हे अभिमानाने सांगत होतो. गाडीतल्या धपाट्यांची गोष्टही सांगितली.

त्या वळल्या. "आणि खरंच नको असेल तर? तुमच्याकडे नाही कसं म्हणतात?"

मी विचार केला. खरंच केला. "म्हणत नाहीत," मी म्हणालो.

डोनल हसला. हारुकोबाई हसल्या नाहीत. डब्यात मिसो भरून त्यांनी वर केल्पची पुडी ठेवली. पैसे घेतले नाहीत.

तिसरा दिवस: परत

परतीच्या बसला, परतीच्या गाडीला डबा मांडीवर. काही बघितलं नाही, म्हणून काही लिहीत नाही. ब्युमॉन्टला न जाता थेट डार्टने डून लेरी. संध्याकाळ, पण जूनमध्ये इथे उजेड जाता जात नाही. धक्क्यावर लोक आइस्क्रीम खात फिरत होते. मला त्या सगळ्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं, कुणाचंच काही बिघडलेलं नव्हतं.

सायलीने दार उघडलं. गालफडं बसलेली, स्वेटरच्या बाह्या लोंबत होत्या. "अरे, सांगून तरी यायचंस."

"सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस."

ती बाजूला झाली. मी तिच्या एवढ्याशा ओट्यावर केल्प भिजवला. कोबी, गाजर चिरलं. तिला सगळी हकिगत सांगत होतो, डोनल, पिंप, मनगटावरची चापट. ती हसली. खूप दिवसांनी हसली. कडेला बुडबुडे धरले, केल्प काढला. भाज्या शिजल्या. गॅस बंद केला. हात वळवळत होता, पण बंद केला. पळीत मिसो मोडलं.

तिने वाटी दोन्ही हातांनी धरली, नाकाशी नेली. मी श्वास धरून उभा. प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली.

"लागतंय," ती हळू म्हणाली. "मल्हार, लागतंय रे. खोल कुठेतरी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाजराचे तुकडे चमच्याने शोधून शोधून खाल्ले. वाटी पुसल्यासारखी रिकामी.

मी पळी भरली. तिने वाटीवर हात ठेवला.

"घे गं."

"नको. छान होतं. बास."

"एवढंसं. बघ किती दिवसांनी जेवलीस."

"नको म्हणतेय ना."

"अर्धी पळी," मी हसत म्हणालो, जसं म्हणतात तसंच, आणि पळी कलती केली, ती हात काढेल या हिशोबाने. सगळे काढतात. तिने काढला नाही. सूप तिच्या बोटांवर सांडलं, बोटांच्या फटींतून वाटीत, टेबलावर, तिच्या बाहीवर.

उकळलेलं असतं तर पोळली असती.

आम्ही दोघं त्या हाताकडे बघत होतो. कोबीचा तुकडा तिच्या अंगठीच्या बोटावर चिकटला होता. हात तिथेच.

"मी नाशिकला जातेय," ती म्हणाली. "हॉस्पिटलला गेल्या आठवड्यातच कळवलं. तिकीटही काढलंय."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तू विचारत नाहीसच, तू फक्त घे म्हणतोस. डबा घे, औषध घे, मला घे. मी एप्रिलपासून नको म्हणतेय, मल्हार. अजून कसं म्हणू?"

"पण आता जेवता येतंय तुला. राहा ना. मी रोज करीन हे, रोज येईन, तू बघ…"

बोलता बोलता मला माझा उजवा हात दिसला. पळी अजून भरलेली होती आणि वाटीच्या दिशेने चालली होती. तिने बोटं जरासुद्धा हलवली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, थकून, वॉर्डातून आल्यावर बघायची तशी.

मी पळी पातेल्यात सोडली. पातेल्यावर झाकण ठेवलं. फडकं ओलं करून तिच्या हाताशी ठेवलं, पुसायला गेलो नाही. मिसोचा डबा तिच्या फ्रीजमध्ये, वरच्या फळीवर. केल्पची पुडी शेजारी.

"गरम करशील तेव्हा उकळू नकोस," मी म्हणालो.

"नाही उकळणार."

प्रवासातून काय घेऊन आलो, असं शेवटी लिहितात. आणलं ते सगळं तिथे ठेवलं. माझ्याकडे उरलं ते ओहोटीला आपटल्याचं गुडघ्यावरचं खरचटणं, आणि एक प्रश्न, ज्याला मी क्लेअरमध्ये चुकीचं उत्तर दिलं होतं.

बूट घातले. मागे तिने नळ सोडला, हात धुतल्याचा आवाज आला. आत अजून मिसोचा वास होता, तिला तो कसा येत असेल हे विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. बाहेर येऊन कडी हाताने धरून ठेवली, आणि आवाज होऊ न देता दार लावलं.